काचेचं रबर: आपल्या उन्हाधुळीत ते टिकवायचं कसं?

पऱ्हाटी (घाटंजी)

राम राम मंडळी. गाडी बोलेरो, २०११ ची. इंजिन ठणठणीत आहे आणि अजून बरीच वर्षं हीच वापरायची आहे, म्हणून हा धागा काढतोय.

काचेची रबरं गेली की अजून वाचवता येतील, हे समजून घ्यायचं आहे. दाराच्या बाहेरच्या अंगाला काच जिथून आत उतरते, तिथली पट्टी पार करडी पडली आहे. बोट फिरवलं की बोट काळं होतं. पुढच्या दारावर दोन ठिकाणी बारीक चिरा आहेत, मागे पांढरट डाग. मागची डावी काच वर येताना कुरकुरते, अर्ध्यावर अडते, तळहाताने आधार दिला की चढते. शिवाय चारही काचांवर उभ्या बारीक रेघा आहेत. ऊन तिरपं आलं की आरसा पाहताना त्या डोळ्यांत खुपतात.

गाडी आधी नात्यातल्याच एकांकडे होती. लग्नकार्याला न्यायची असली की त्यांचा ड्रायव्हर धुऊन झाल्यावर डिझेलचा बोळा सगळ्या रबरांवरून फिरवायचा. दिवसभर रबर काळंभोर दिसायचं, ते मी पाहिलेलं आहे. आता गावात विचारलं तर कुणी डिझेलच सांगतं, कुणी खोबरेल, कुणी बुटाचं पॉलिश, कुणी टायरचं काळं. नेटवर पाहावं तर ते व्हिडिओ बर्फाच्या देशातले. दार गोठून चिकटू नये म्हणून रबराला काय लावायचं, ते सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात त्या पट्टीवर हात ठेवता येत नाही आणि कापूस वेचणीच्या दिवसांत वावराच्या रस्त्याला नुसता फुफाटा असतो. आपल्या हवेत काय चालतं, ते अनुभवी लोकांनी सांगावं. सगळी रबरं एकदम नवीन घालायचा खर्च झेपणारा नाही.

संत्राबाग (वरुड)

आमच्याकडे खोबरेल लावतात. काळं छान दिसतं. पण आठवड्याभरात त्यावर धूळ बसते आणि हाताला चिकट लागतं. मलाही खात्रीचं उत्तर हवं आहे, वाचतोय.

वणीचा_मिस्त्री

पऱ्हाटी भाऊ, लावाचं काय ते मागून पाहू. आधी कोणतं रबर काय काम करते ते सांगतो, कारण सगळ्या रबराले एकच औषध नाही.

तुम्ही म्हणता ती बाहेरची पट्टी. बहुतेक गाड्यांत तिच्या पोटात लोखंडी पत्र्याची पातळ पाती असते, वरून रबर, अन् काचेले टेकणाऱ्या ओठावर बारीक मखमली लव. काच पुसणं अन् दारात जास्त पाणी जाऊ न देणं, हे तिचं काम. तशीच एक पट्टी आतून असते, ती सावलीत राहते म्हणून जास्त टिकते. मग चॅनल, म्हणजे चौकटीत काच ज्या खाचेतून वर-खाली होते ते यू आकाराचं रबर. त्यातही लव असते. अन् शेवटी बीडिंग, दार लावलं की दबते ती पोकळ नळीवाली.

तुमची काच अडते तो चॅनलचा प्रश्न आहे. रेघा पडल्या त्या पट्ट्यांच्या लवेत बसलेल्या रेतीनं. करडा रंग उन्हाचा. तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, अन् वरून काळं फासल्यानं त्यातली एकही सुधरत नाही.

आता रबराची जात. आजकालच्या गाड्यांचं दाराखिडक्यांचं रबर बहुतेक ईपीडीएम असते, म्हणजे इथिलीन प्रोपिलीन डायीन मोनोमर. ऊन, पाऊस, ओझोन हे सारं ते चांगलं सोसते. झाडाच्या चिकाचं रबर ओझोननं तडकते, कारण त्याच्या साखळीत दुहेरी बंध असतात अन् ओझोन नेमका तिथंच घाव घालते. ईपीडीएमच्या मुख्य साखळीत ते बंध नसतात. पण याच रबराचं एक दुबळं अंग आहे, ते म्हणजे खनिज तेल. डिझेल, रॉकेल, पेट्रोल, इंजिन ऑइल, ग्रीस, व्हॅसलिन, यातलं काहीही त्यात मुरते. रबर फुगते, पिलपिलं होते, आकार सोडते. तेल उडून गेलं की आकसते, अन् रबर मऊ राहावं म्हणून कारखान्यात मिसळलेलं तेलही त्यासंगं निघून जाते. डिझेल लावल्यावर दिसते तो काळेपणा ओलेपणाचा असते, रबर बरं झाल्याचा नाही.

बोटाले काळं लागते ते काय, तेही सांगतो. रबरात काजळी मिसळलेली असते, कार्बन ब्लॅक. उन्हापासून रबर वाचवाचं काम तीच करते. वरचा थर जळाला की काजळीले धरून ठेवणारं काही राहत नाही, ती मोकळी होते अन् हाताले लागते. म्हणजे तुमच्या पट्टीचा वरचा पापुद्रा गेला आहे. आत किती जीव आहे ते पाहा लागते.

पऱ्हाटी

हे इतकं सविस्तर पहिल्यांदाच कळलं, मनापासून आभार. जीव आहे की नाही, ते घरच्या घरी ओळखायचं कसं?

वणीचा_मिस्त्री

सकाळच्या थंड्या वेळेले पाहा, उन्हात तापलेलं रबर मऊच लागते. नखानं दाबा. खड्डा पडून परत वर आला तर जीव आहे. दगडासारखं लागलं अन् नख घसरलं तर गेलं. चीर नुसती दिसते की नख अडकते, हेही पाहा. नख अडकत असेल, टोकाले रबर आकसून पत्रा उघडा पडला असेल किंवा पट्टीखाली दारावर तांबूस ओघळ असेल, तर आतली पाती गंजली समजा. तिथं पैसे वाचवू नका, ती एक पट्टी बदला. चारही बदला लागत नाहीत, सुटी मिळते. चॅनल मात्र दहापैकी आठ वेळा साफ केलं की चालते.

खारपाणी (दर्यापूर)

पांढऱ्या डागांबद्दल मी सांगतो, कारण ते आमच्या भागाचं दुखणं आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. इथल्या बोअरचं पाणी पिण्याच्या कामाचं नाही, पिकांनाही सोसत नाही, आणि गाडी मात्र आपण त्यानेच धुतो. पाणी उन्हात वाळतं, क्षार तिथेच राहतात. रबराच्या काठाला आणि ओठाच्या खाचेत ते जास्त जमतात, कारण पाणी तिथेच अडून राहतं.

यात दोन प्रकार असतात. मिठाचे डाग गोड पाण्याने विरघळून जातात. चुन्यासारखे कडक झालेले डाग साध्या पाण्याने जात नाहीत. त्यांना पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी एकत्र करून कापड भिजवायचं, डागावर मिनिटभर धरायचं, अलगद पुसायचं आणि लगेच गोड पाण्याने धुऊन टाकायचं. उन्हात उभ्या गाडीवर हे करू नका.

खरा उपाय धुण्यातच आहे. गाडी बोअरच्या पाण्याने धुवा, आमचाही इलाज नसतो, पण शेवटचा हात आरओच्या जारमधल्या पाण्याचा द्या. रबरांपुरती एक बादली पुरते. आणि पाणी वाळायच्या आत कोरड्या कापडाने टिपा. पावसाळ्यात पन्हळीखाली टाकी ठेवता आली तर त्याहून उत्तम. पावसाच्या पाण्याने धुतलेल्या गाडीवर डाग धरत नाहीत, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना पटलं आहे.

कोळसापट्टा (घुग्घुस)

मिस्त्रीदादा, इकडे कोळशाच्या ट्रकांची वर्दळ. रबराच्या ओठात काळी भुकटी इतकी असते की ओलं फडकं फिरवलं तर चिखल होतो. गडचांदूरकडे नातेवाईक आहेत, त्यांच्या गाडीवर सिमेंटची धूळ. तिथे कसं करायचं?

वणीचा_मिस्त्री

बरं विचारलं. आता सगळी साफसफाई सांगतो, कारण ओलं फडकं आधी फिरवणं इथंच बहुतेक लोक चुकतात.

पहिलं काम कोरडं. काच पूर्ण खाली करा अन् पंक्चरच्या दुकानातून कॉम्प्रेसरची हवा मारून घ्या. नोझल वीतभर लांब धरा, तिरपी धरा, धूळ बाहेर उडाली पाहिजे, आत खोल जाऊ नये. कोळसा, सिमेंट, काळ्या मातीचा फुफाटा, सगळ्याले हेच. सिमेंटच्या धुळीवर पाणी टाकलं तर ती तिथंच थिजते, मग खरवडा लागते. काळी माती ओली झाली की फुगते अन् लवेत गच्च बसते. म्हणून जेवढं कोरडं निघते तेवढं कोरडंच काढा. हवेची सोय नसेल तर मऊ रंगाचा ब्रश घ्या, एकाच दिशेनं झाडा.

मग ओलं. गाडीचा शाम्पू, तो नसेल तर लहान लेकराचा शाम्पू कोमट पाण्यात थोडासा. कपड्याची पावडर नको. ती क्षाराची असते, रबर कोरडं पाडते अन् खाचेत भुकटी सोडते. जुना मऊ टूथब्रश घेऊन पट्टीच्या लांबीनं घासा, आडवं नाही. दर वेळी ब्रश दुसऱ्या पाण्यात खंगाळा, नाहीतर तीच रेती परत रबरावर घासली जाते. दोन बादल्या ठेवा म्हणजे ध्यानात राहते.

चॅनलसाठी बांबूची चपटी कमटी करा, टोक गोल तासून घ्या, तिच्यावर बनियनचं ओलं कापड गुंडाळा अन् वरून खालपर्यंत ओढा. कापड काळं आलं की बदला. स्वच्छ येईपर्यंत हेच. हे काम कंटाळवाणं आहे, एका दाराले अर्धा तास जाते. पण काच अडते ती इथल्या मळानं, अन् काचेच्या मोटारीचं निम्मं आयुष्य याच कामावर आहे. कोरड्या चॅनलमध्ये काच ओढून ओढून मोटार गरम होते, केबल झिजते, अन् मग रबर सोडून रेग्युलेटरचा, म्हणजे काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेचा, खर्च येते. नव्या गाड्यांत आपोआप वर जाणारी काच मधेच परत खाली येते, तेही बरेचदा याच्यानंच होते. मधात बोट अडकलं असं गाडीले वाटते.

पॉलिश किंवा मेणाचे पांढरे डाग असतील तर आधी शाळेतलं खोडरबर घासून पाहा, बरंच निघते. नाही निघालं तर आयसोप्रोपिल अल्कोहोलात तेवढंच पाणी टाकून कापडानं पुसा. थिनर अन् पेट्रोल अजिबात नाही.

यानंतर वाळू द्या, काच खाली ठेवून, सावलीत, चांगले काही तास. ओल्या लवेवर काहीही मारलं तर ते धरत नाही.

शेवटी सिलिकॉन स्प्रे. डब्यावर सिलिकॉन लिहिलेलं पाहून घ्या. गंज सोडवाचे जे स्प्रे मिळतात ते वेगळे, त्यात खनिज तेल असते. बाहेरच्या पट्टीवर अन् बीडिंगवर थेट मारू नका, कापडावर घ्या अन् पातळ हात फिरवा. चॅनलमध्ये नळी लावून थोडं थोडं सोडा, काच चार-पाच वेळा वर-खाली करा, काचेवर आलेलं पुसून टाका. हाताले ओलं लागत असेल तर जास्त झालं, कोरड्या कापडानं पुसा. ओलं राहिलं की आपल्याकडची धूळ त्यावर बसलीच म्हणून समजा.

दोन सावधगिऱ्या. समोरच्या मोठ्या काचेवर उडू देऊ नका, पावसात वायपर फिरला की धूसर दिसते. अन् गाडीले डेंटिंग-पेंटिंग कराचं असेल तर त्याच्या आधी हे लावू नका, लावलं असेल तर पेंटरले सांगा. सिलिकॉनचा अंश राहिला की ताज्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

वऱ्हाडी_ड्रायव्हर (मूर्तिजापूर)

मिस्त्री भाऊ, मी टॅक्सी लाइनले हावो. आमच्या स्टँडवर सारेच डिझेल मारतात. गाडी कायी चकचकीत पाह्यली की गिऱ्हाईक खुश होते. तुमी म्हनता रबर फुगते, तं मंग इतक्या लोकायच्या नजरेत काऊन नाई आलं? मले भांडाचं नाई भाऊ, समजून घ्याचं हाय.

वणीचा_मिस्त्री

भाऊ, तुमचा सवाल रास्त आहे. नजरेत येत नाही कारण बोळ्यात डिझेल थोडं असते, उडून जाते, अन् नुकसान हळूहळू होते. रबर कडक झालं की लोक म्हणतात गाडी जुनी झाली.

तुम्ही स्वतःच पाहून घ्या. भंगारातून दाराच्या बीडिंगचा एक तुकडा आणा, मधातून कापा, दोन्ही सारखे करा. एक काचेच्या बाटलीत डिझेलमध्ये बुडवा, दुसरा शाम्पूच्या पाण्यात. रातभर ठेवा. बाटली चुलीपासून अन् लेकरांपासून लांब ठेवा. सकाळी दोन्ही पुसून शेजारी शेजारी ठेवा. मी जास्त बोलत नाही.

मेळघाट_वाट (परतवाडा)

धागा चांगला रंगलाय, एक स्थानिक अडचण मांडतो. चिखलदऱ्याकडे गाडी लावली की वानरं येतात. त्यांना काय गंमत वाटते कोण जाणे, पण वायपरची रबरं आणि दाराची सुटलेली बीडिंग ओढून नेतात. टोक सैल असलं की तेच धरतात आणि अख्खी पट्टी काढतात.

यावर इतकंच सुचवेन की रबराचं सुटं टोक ठेवू नका. आकसून कोपऱ्यात उघडं पडलं असेल तर मागचा भाग साफ करून काळ्या वेदरस्ट्रिप गोंदाने चिकटवा, कागदी टेपने दाबून एक दिवस सोडा. आणि वानरांना खायला देऊ नका. खाऊ मिळाला की ती प्रत्येक गाडीवर चढतात, मग रबरं तर जातातच, आणि वाहनांखाली येऊन त्यांची पिल्लंही मरतात. याचं मला रबरापेक्षा जास्त वाईट वाटतं.

संत्राबाग

गाडीवर ताडपत्री झाकली तर? ऊनही लागणार नाही, वानरंही नाहीत.

खारपाणी

प्लास्टिकची ताडपत्री नको. आत वाफ धरते, वाऱ्याने फडफडते आणि खालची धूळ रंगावर घासते. सावली महत्त्वाची. गोठ्याच्या बाजूला एक पडवी काढता आली, वर पऱ्हाटीच्या काड्या किंवा तुराट्या टाकता आल्या, तर टिनापेक्षा ती थंड. तेही नसेल तर गाडीचं तोंड बदलत जा. पश्चिमेच्या दुपारच्या उन्हाला रोज तीच बाजू राहिली की त्या बाजूची रबरं आधी जातात. पऱ्हाटी भाऊ, तुमची कोणती बाजू जास्त करडी आहे?

पऱ्हाटी

डावी! घरासमोर गाडी लावतो तेव्हा डावी बाजूच पश्चिमेला असते. हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. आता उलटी लावत जाईन.

झाडीपट्टीकर (ब्रह्मपुरी)

आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे असतो आणि पावसाळ्यात धानाच्या बांध्यांमधून चिखल. माझा प्रश्न पाण्याचा. मुसळधार पावसानंतर दार उघडलं की आत पाणी खळखळल्याचा आवाज येतो. बाहेरची पट्टी गेल्यामुळेच हे होत असेल ना?

वणीचा_मिस्त्री

पट्टी गेल्यानं पाणी जास्त शिरते हे खरं. पण थोडं पाणी नवीन गाडीच्या दारातही जाते, दाराची रचनाच तशी आहे. ते खालून निघून गेलं पाहिजे. दाराच्या खालच्या काठाले चपटी छिद्रं असतात, चिखल अन् कचऱ्यानं ती बुजतात. खळखळ ऐकू येते म्हणजे तुमची बुजलेली आहेत, अन् हे रबरापेक्षा तातडीचं आहे. पाणी साचून दार आतून गंजते, बाहेर फुगा दिसेपर्यंत आतला पत्रा गेलेला असते.

दार उघडून खाली वाकून पाहा. प्लास्टिकची वायर टाय किंवा झाडूची जाड काडी छिद्रात फिरवा. लोखंडी तार नको, आतला रंग खरवडला जाते. मग वरून काचेच्या फटीतून तांब्याभर पाणी हळूहळू सोडा, खालून धार लागली पाहिजे. मिरग लागाच्या आधी सगळ्यांनी एवढं तरी करावं, असं मी गॅरेजवर येणाऱ्या प्रत्येकाले सांगतो.

झाडीपट्टीकर

केलं. डाव्या पुढच्या दारातून काळं पाणी आलं, त्यात धानाचा कोंडा होता. आता खळखळ बंद.

वऱ्हाडी_ड्रायव्हर

मिस्त्री भाऊ, तुमी सांगतलं तसं केलं. डिझेलातला तुकडा जाड झाला अन् लांबी बी वाढली, दुसऱ्याच्या बाजूले ठेवला तं आंधया मानसाले बी हातानं समजते. नखानं दाबला तं खूण तशीच राह्यते. पान्यातला तुकडा जसाचा तसा. दोन्ही तुकडे स्टँडवर नेले, सारे हातात घेऊन पाहून राह्यले होते. दोघातिघायनं तं बोया तिथंच फेकला.

पन लाइनीतल्या मानसाले गाडी कायी दिसाले पाह्यजेच, ते बी खरं हाय. त्याच्यासाठी काय लावू?

वणीचा_मिस्त्री

भाऊ, तुम्ही करून पाहिलं अन् लोकायले दाखवलं, यापेक्षा मोठं काम नाही.

चकाकीसाठी पाण्याच्या पायावरचं ड्रेसिंग घ्या. ओळख सोपी: पांढरं, दुधट असते, अन् डब्यावर वॉटर बेस्ड लिहिलेलं असते. उन्हापासून राखणारं पाहिजे असेल तर यूव्ही प्रोटेक्टंट म्हणून मिळते, थ्री-ओ-थ्री नावाचं परदेशी चांगलं आहे, महाग आहे, पण लागते थोडं. टायरचं पारदर्शक तेलकट काळं दारावर नको. त्यात खनिज तेलाचा द्रावक असू शकते, अन् गिऱ्हाइकाच्या कपड्याले लागते. बुटाच्या पॉलिशचंही तेच, पांढरा सदरा घातलेला माणूस उतरताना दाराले टेकला की झालं. खोबरेलाचं संत्राबाग भाऊंनी वरच सांगितलं, धूळ धरते, पुढं खवट वास येते.

ब्रेक ऑइल लावा म्हणणारेही भेटतात. ते रबराले चालते हे खरं, ब्रेकची बरीच रबरं ईपीडीएमचीच असतात. पण एक थेंब दारावर ओघळला की रंग सोलून काढते. म्हणून नको.

कोळसापट्टा

आणि हीटगन? व्हिडिओत काळं प्लास्टिक तापवून पुन्हा नवं केलेलं दाखवतात.

वणीचा_मिस्त्री

ते बंपरच्या बिनरंगाच्या प्लास्टिकसाठी. तेही काही महिन्यांपुरतं. रबराले आधीच उन्हानं भाजलेलं आहे, त्यावर आणखी आच देऊ नका. शेजारी काच असते, एका जागी तापली तर तडकेल.

पऱ्हाटी

मंडळी, काम झालं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हवा मारून घेतली. मग चॅनलमध्ये कमटी फिरवली तर मागच्या डाव्या दारातून जे निघालं ते पाहून घरचे सगळे जमले. रुई आणि धूळ एकमेकांत गुंतून घट्ट वात झाली होती, ओढली तशी सलग निघाली. कापसाच्या बोऱ्या आम्ही मागच्या सीटवर भरतो आणि काच उघडी असते, रुई तिथूनच गेली असणार. ती वात निघाल्यावर सिलिकॉन मारायच्या आधीच काच निम्म्याहून मोकळी झाली. सिलिकॉननंतर आवाजही गेला.

बाहेरच्या पट्ट्यांपैकी मागच्या दोन्हींना नखाचा खड्डा पडून भरून येतो, त्या ठेवल्या. पुढची डावी गेलेली होती, खाली तांबूस ओघळ होताच. यवतमाळहून तेवढी एकच आणली. काढताना काच पूर्ण खाली घेतली, दाराच्या रंगावर कागदी टेप लावली आणि लाकडी पाचर टेपच्या आधाराने घालून एका टोकाकडून हळूहळू उचलली. आतली पाती खरोखरच गंजून फुगलेली होती. नवीन पट्टी दाबून बसवताना दर वीतभर अंतरावर टक असा आवाज आला की क्लिप बसली समजायचं. पुढच्या उजवीला चिरा आहेत पण नख अडकत नाही. तिला सांभाळून वापरतो.

रंग म्हणाल तर करडेपणा पूर्ण गेलेला नाही. धुऊन, वाळवून, पातळ हात दिल्यावर एकसारखा गडद रंग आला, पण नव्या पट्टीशेजारी फरक कळतो. मला त्याचं काही वाटत नाही. रेघा अर्थातच तशाच आहेत. त्या पॉलिशने जातील का?

वणीचा_मिस्त्री

नख अडकत नसेल अशा बारीक रेघा सीरियम ऑक्साइडनं, म्हणजे काच घासाच्या पावडरनं, थोड्या कमी होतात, पण वेळखाऊ काम आहे अन् घाई केली तर काच तापते, लहरी दिसाले लागते. बाजूच्या काचांसाठी मी तरी सांगणार नाही. नवीन रेघ पडू नये एवढं पाहा: धुळीच्या रस्त्यावरून आल्यावर कोरडी काच लगेच खाली करू नका. आधी पट्टीच्या काठावरची धूळ कापडानं झटका.

जुनी_जीप (आर्वी)

विषय थोडा वेगळा, पण रबराचाच आहे. माझी जुनी जीप आहे, समोरची काच पूर्ण रबराच्या चौकटीत बसते. रबर कडक होऊन कोपऱ्यातून पाणी गळतं. आधीच्या मालकाने डमडम (फट बुजवायची चिकट पुट्टी) भरलं होतं, तेही वाळून पडतंय. पुन्हा डमडम भरू की रबरच बदलू? बदलायचं तर गावात होईल का?

वणीचा_मिस्त्री

डमडम हा तात्पुरता इलाज आहे, एखादा पावसाळा काढून देते. रबर कडक झालं असेल तर बदलाच. गावात होते, फक्त दोन माणसं पाहिजेत अन् घाई नको.

जुनं रबर आतून ब्लेडनं कापून काच बाहेर काढा. जुनं रबर वाचवायच्या नादात काच फोडू नका. चौकटीच्या पत्र्यावरचा गंज घासून प्रायमर मारा, वाळू द्या. हे सोडलं तर नवीन रबरही गळेल. मग रबर काचेले चारही बाजूंनी घाला, जोड खालच्या अंगाले मधात ठेवा. रबराच्या ज्या खाचेत पत्रा बसणार, तिच्यात दोरी फिरवा, दोन्ही टोकं खाली मधात एकमेकांवरून वीतभर जाऊ द्या अन् गाडीच्या आत लोंबती ठेवा. शाम्पूचं पाणी सगळीकडे लावा. तेल नाही, ग्रीस नाही. एक माणूस बाहेरून तळहातानं काच दाबून धरते, दुसरा आतून दोरीचं टोक काचेच्या मधल्या दिशेनं ओढते. दोरी निघत जाते तशी रबराची कड पत्र्यावर चढत जाते. बाहेरचा माणूस दोरीच्या संगं संगं दाबत गेला पाहिजे.

जुनी_जीप

दोरी कोणती घेऊ? सुतळी चालेल का?

वणीचा_मिस्त्री

सुतळी नको, ओली झाली की फुगते अन् मधात तुटते. गुळगुळीत नायलॉनची घ्या, साधारण पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक. अन् नवीन रबर बसवाच्या आधी थोडा वेळ उन्हात ठेवा, मऊ पडलं की कोपऱ्यात सोपं जाते. उन्हाचा तेवढा उपयोग करून घ्या.